सुशीलेच्या सत्काराला मी साक्षीदार

५ जानेवारी

सुशीलेचा सत्कार होणार म्हणे. इथंच हैदराबादेत, जामबागच्या कॉलेजात, पुढच्या महिन्यात, मंडप घालून. कॉलेजचं नाव काढलेले जुने खेळाडू आणि त्यांना शिकवणारे सर, सगळ्यांना शाल, नारळ आणि ढाल. सुशीला म्हणजे माझी धाकटी जाऊ. पन्नास वर्षांपूर्वी खो-खो खेळायची. पन्नास वर्षांपूर्वी मी घरभर माणसांच्या भाकऱ्या थापायचे. त्याची ढाल कुठं मिळते ते कोणी सांगितलं तर बरं होईल.

बातमी आणली माझ्याच नातीनं. योगिनी त्याच कॉलेजात शिकते, खो-खोच्या संघात आहे. चपला काढायच्या आत ओरडली, "आजी, छोटी आजी लेजेंड आहे! आम्हाला कोणी सांगितलंच नाही!"

मी म्हटलं, "तिला मधुमेह आहे एवढं माहीत होतं. हे नवीन काय निघालं?"

सूनबाई वंदना फिसकन हसली. योगिनी नाही हसली.

ही डायरी युवराजला, माझ्या मुलाला, ऑफिसातून मिळाली. त्यानं टीव्हीखाली टाकून दिली होती. मी चौथीपर्यंत शिकले, तेही गुरुजी गाव सोडून गेले नव्हते तोवर. पण लिहिता येतं. जे घरात बोलता येत नाही ते पोटात ठेवलं की मला रात्रभर ढेकर येतात. म्हणून इथं लिहिते.

८ जानेवारी

योगिनी तीन दिवस झाले रोज संध्याकाळी विद्यानगरला जायली. सुशीलेचा फ्लॅट तिकडं आहे. मोबाइलवर तिचं शूटिंग करते, कार्यक्रमात दाखवायला. आधी ही पोरगी संध्याकाळी माझ्यापुढं बसून डोक्याला तेल लावून घ्यायची आणि कॉलेजातल्या सगळ्यांच्या चहाड्या सांगायची. आता येते ती जेवूनच.

"काय जेवलीस?"

"शेंगोळे. छोटी आजी काय भारी करते गं!"

शेंगोळे तिला मी शिकवले. मास्तराची पोर, लग्न होऊन अंगणात उभी राहिली तेव्हा तिला कुळथाचं पीठ कोणतं आणि बाजरीचं कोणतं ते कळत नव्हतं. सासऱ्यांनी तिला बघतानाच कबूल केलं होतं, पोरगी शिकत असेल तर शिकू देऊ. मला बघायला आले तेव्हा फक्त माझे हात बघितले होते.

तेलाची वाटी तशीच फळीवर ठेवली. मुंग्या लागल्या.

११ जानेवारी

आज कॉलेजच्या कमिटीतला माणूस आला. सुधीर नाव. पुण्याचा आहे, इथं कम्प्युटरच्या कंपनीत मोठा साहेब. बोलतो असं की शब्दाला इस्त्री करून आणलेली. मला 'आपण' म्हणाला. मी आधी मागं वळून बघितलं, वंदना आली की काय.

त्याचं म्हणणं असं. या कॉलेजचा रिवाज आहे, ज्याचा सत्कार त्याची ओळख कागदावरून वाचत नाहीत. त्या माणसाला मैदानावर ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, त्यानंच उभं राहून दोन शब्द सांगायचे. त्याला ते साक्षीदार म्हणतात. त्याच्याशिवाय शाल घालत नाहीत.

"सुशीलाताईंच्या संघातल्या चौघींचाच पत्ता लागला. दोघी निवर्तल्या. एक अमेरिकेत असतात. चौथ्यांना आता काही स्मरत नाही. त्यांचे सर एकनाथराव, त्यांचा तर आम्ही मरणोत्तर सन्मान करतोय. तेव्हा आपणच."

"मी कॉलेजात कुठं होते? मला काय विचारायलात?"

"पण आपण अंतिम सामना पाहिलात ना? योगिनी म्हणाली."

बघितला. हौसेनं नाही बघितला. सुशीलेचा अविनाश तेव्हा अंगावर पीत होता. सासऱ्यांनी खेळायला परवानगी दिली, पण लेकराला कोणी घ्यायचं? मोठ्या सुनेनं. सिकंदराबादच्या त्या मैदानावर उन्हात अविनाशला कडेवर घेऊन मी उभी. मध्ये सुट्टी झाली की ती धावत यायची, आडोशाला त्याला पाजायची, तोंड पुसायची आणि पुन्हा पळायची. तो अविनाश आता टकला झालाय, मला ओळखपण देत नाही.

सुधीरला मी हो म्हणून टाकलं. त्याला वाटलं मला आनंद झाला. दोन उस्मानिया बिस्किटं खाऊन गेला.

१२ जानेवारी

हो का म्हटलं ते लिहून ठेवते.

त्या सामन्यात सुशीला शेवटपर्यंत कोणाच्या हाती लागली नाही, म्हणून कॉलेज जिंकलं. असं सगळे म्हणतात. पेपरात पण आलं होतं. तिचा सत्कार त्याचाच आहे.

खोटं आहे ते. हात लागला होता.

मी शेवटच्या खांबापाशी उभी होते. वरंगलची एक उंच पोरगी तिच्यामागं होती. सुशीला खांबाला वळसा घालून वळली आणि त्या पोरीची बोटं हिच्या पाठीला घासून गेली. पंच खांबाच्या पलीकडं होता, त्याला दिसलं नाही. त्या वरंगलच्या पोरीलाही कळलं नाही बहुतेक, ती तोल जाऊन पडली. एकनाथराव सरांचा नियम कडक होता, हात लागला तर पंच बोलो न बोलो, आपण होऊन बाहेर व्हायचं. त्या नियमासाठी सरांना सगळं हैदराबाद मान द्यायचं. सुशीला थांबली. एक श्वासभर. पंचाकडं नाही बघितलं तिनं, सरांकडं नाही. माझ्याकडं बघितलं. आणि पळाली.

मी कोणाला बोलले नाही. का ते विचारू नये. कडेवर पोर रडत होतं.

आता साक्षीदार पाहिजे ना त्यांना? साक्षीदार खरं बोलतो.

१४ जानेवारी

संक्रांत. बाहेर पतंगांचा गोंगाट. सुशीला तिळगूळ घेऊन आली, रेशमी साडीत. विधवा बाईनं असले रंग नेसू नयेत असं मी म्हणत नाही, पण माझ्या कपाटात असले रंग नाहीत एवढंच म्हणते.

वंदना चहा टाकायला आत गेली तशी ती सरकून बसली. "अक्का, साक्षीदार तुम्ही आहात म्हणे."

"हौ."

"काय सांगणार?"

"जे बघितलं ते."

तिच्या तोंडाचा रंग उडाला. तिळाचा लाडू हातातच राहिला. मग म्हणाली, "सगळं?"

"तू 'गोड बोला' म्हणून तिळगूळ दिलास ना आत्ता? मग मी कडू कशाला बोलीन?"

चहा न पिता गेली. वंदना विचारायला लागली, "काकूंना काय झालं?" मी म्हटलं, शुगर वाढली असंल. दुपारी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. कितीतरी दिवसांनी जेवण अंगी लागलं.

१७ जानेवारी

लिहिण्यासारखं काही नाही. योगिनी तिकडंच.

२० जानेवारी

आज योगिनी लवकर आली आणि माझ्या पुढ्यात उभी राहिली. कमरेवर हात.

"आजी, तू छोटी आजीला काय बोललीस?"

"मी? तिनं काय सांगितलं?"

"ती काहीच सांगत नाही. जेवत नाही नीट. शूटिंग नको म्हणते. फायनलचं विचारलं की उठून आत जाते. संक्रांतीला इथं आली होती, तेव्हापासून असं करायली."

"म्हाताऱ्या माणसाला भूक कमीच लागते."

"तुला तर लागते!" मग जाता जाता म्हणाली, "तू जळतेस तिच्यावर. आईपण म्हणते."

वंदना स्वयंपाकघरात भांडी जोरात वाजवायला लागली, म्हणजे म्हणाली असणार.

जळते? कशावर जळायचं? तिच्या गुडघ्यांवर? सुशीलेला कॉलेज मिळालं, मैदान मिळालं, पेपरात फोटो मिळाला. मग नोकरी मिळाली, पेन्शन मिळाली, लिफ्टचा फ्लॅट मिळाला. मी मोजत नाही. मोजायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. पण नात एक आहे मला. तेवढी तिनं सोडायची होती.

२४ जानेवारी

भाषणाची तयारी करते आहे. कुकर लावला की त्याच्यासमोर उभी राहते. "नमस्कार. मी जयवंता. मी खांबापाशी होते." तेवढ्यात शिट्टी होते आणि पुढचं विसरते.

एक गोष्ट मनातून जात नाही. समजा सांगितलं. समजा सगळ्या मंडपानं तोंडावर हात ठेवले. मग योगिनी कुठं जाईल? माझ्याकडं यावी असं मला वाटतं. पण ती पोरगी माझ्यावर गेलीय. पडलेल्याला उचलायला पळते. ती सुशीलेचे डोळे पुसायला विद्यानगरला जाईल आणि तिकडंच राहील.

आणि नाही सांगितलं तर? तर मी तिथं उभी राहून सुशीलेचं कौतुक करायचं. त्यापेक्षा कॉलरा बरा.

सांगणार. ठरलं.

३० जानेवारी

वंदनानं माझ्यासाठी साडी आणली. सुलतान बाजारातून, मोरपंखी. म्हटलं हा रंग मला? म्हणाली, "घ्या की आई, स्टेजवर जायचंय तुम्हाला." नेसून बघितली. वाईट नाही दिसत. पदर चांगला पडतो.

२ फेब्रुवारी

आज झालं ते सगळं लिहिते.

मंडप भरलेला. पुढं सोफे, मागं पोरं शिट्ट्या मारणारी. स्टेजवर एकनाथराव सरांचा मोठा फोटो, हार घातलेला. डोळे तसेच, आता बाहेर काढीन असे. आधी सरांचा मान झाला. त्यांचा साक्षीदार म्हणून एक म्हातारा कबड्डीवाला उभा राहिला आणि रडून खाली बसला. मग दोन-तीन जण झाले. मग सुधीरनं पुकारलं, "सुशीलाताई! आणि त्यांच्या साक्षीदार, त्यांच्या ज्येष्ठ जाऊबाई, जयवंताबाई."

मी पदर सावरून उठले. माझ्या आधी सुशीला उठली. रिवाज असा की आधी साक्षीदार बोलतो. ती सरळ गेली आणि माइक धरला. सुधीर "ताई, आपण नंतर" म्हणेपर्यंत हिचं सुरू.

"मला ही शाल नको. फायनलला मला हात लागला होता. पंचांना दिसलं नाही. सरांचा नियम होता, आपण होऊन बाहेर जायचं. मी गेले नाही. सरांच्या फोटोसमोर आता तरी सांगते." सगळं बोलून झालं तशी तिनं फोटोला हात जोडले आणि स्टेजवरच उभी राहिली, डोकं खाली घालून.

मंडप गार. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळे. सगळे उभे राहिले हो! शिट्ट्या मारणारी पोरं उभी. तो कबड्डीवाला पुन्हा रडायला लागला. सुधीरनं चष्मा काढून पुसला. माझी योगिनी पहिल्या रांगेत, दोन्ही हातांनी तोंड धरून रडायली. खेळल्याबद्दल एवढ्या टाळ्या नव्हत्या तिला. चोरी कबूल केल्याबद्दल मिळाल्या.

आणि मी तिथंच, अर्ध्या पायऱ्यांवर, मोरपंखी साडीत. माझ्याकडं एकच गोष्ट होती सांगायला. पन्नास वर्षं जपलेली. तीपण तिनंच नेली.

सुधीर हळू म्हणाला, "जयवंताबाई, आता आपण काही बोलण्याची आवश्यकता..."

"आहे," मी म्हटलं. आणि माइक घेतला.

कुकरसमोर पाठ केलेलं एक अक्षर आठवलं नाही. तोंडातून आलं ते आलं. "खोटं बोलायली ती."

सुधीरनं घाईनं चष्मा परत घातला.

"मी खांबापाशी होते, एवढ्या जवळ. हात लागला नव्हता. हिला कसं कळलं? हिला पाठीला डोळे आहेत का? कमरेपर्यंत वेणी होती हिची, त्याला गोंडा. तो आपटला असंल पाठीवर. त्यालाच ही हात समजून बसली. पंचाला दिसलं नाही, कारण काही नव्हतंच."

सुशीला माझ्याकडं बघायला लागली. मला माहीत होतं मी काय करायली. ढाल तर तिला मिळणारच होती. वर खरेपणाचीपण? पळण्याचीपण आणि कबुलीचीपण? दोन्ही नाही मिळायच्या. एक काहीतरी घे.

पण एक खोटं पटवायचं तर त्याच्या आजूबाजूला खरं घालावं लागतं. म्हणून घातलं. म्हटलं, मी शेतातली बाई, माहेरी सुटलेली वासरं धरायचे, माझ्या हातून वासरू निसटलं नाही. पण ही घरी अंगणात सराव करायची तेव्हा मला म्हणायची, अक्का, धरा मला. आणि मला ही धरता यायची नाही. डावीकडं जाते म्हणावं तर उजवीकडं. पाय जमिनीला लागायचेच नाहीत. त्या दिवशी लेकराला पाजून उठली, ब्लाउज दुधानं भिजलेला, आणि तशी गेली मैदानात. वरंगलच्या पोरी एकामागून एक थकल्या. ही थकली नाही. असं पळणारी बाई मी त्याआधी बघितली नाही आणि नंतर टीव्हीतपण नाही. आता घाला तिला शाल, उगाच वेळ कशाला घालवायलात. माझ्या पायाला मुंग्या आल्यात.

घातली शाल. टाळ्या काय थांबेनात. सुधीर माइकवर म्हणाला, "जावाजावांमधलं असं निर्व्याज प्रेम आज दुर्मीळ आहे." डोंबलाचं प्रेम. एवढी शिकलेली माणसं, एकाला कळलं नाही मी काय केलं ते.

योगिनी धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. "आजी, तू किती... तू किती..." पुढचं बोलता येईना तिला. साडीला सगळं नाक पुसलं. नवी साडी.

३ फेब्रुवारी

सुशीला सकाळीच ऑटोनं इथं आमच्या अंबरपेठेत हजर. वंदना आणि योगिनी कामाला, कॉलेजला गेलेल्या. दार लावून घेतलं तिनं.

"अक्का, खरं सांगा."

"सांगितलं की, चारचौघांत."

"मला पाठीला बोटं लागली होती. अजून आठवतात."

"गोंडा होता तो."

"मी गोंडा लावला नव्हता त्या दिवशी."

"तुझी वेणी कोण घालायचं? मी घालायचे. मला विचार गोंडा होता का नव्हता."

तिचा हात मागं पाठीकडं गेला. मग म्हणाली, "पन्नास वर्षं मला झोप नाही लागली नीट, फायनलचं स्वप्न पडलं की. तुम्ही खरंच नाही बघितलं? मग मी थांबले तेव्हा तुम्ही ओरडला का?"

"मी काय ओरडले?"

"'पळ सुशीले!' म्हणून. तुमचाच आवाज होता. म्हणून तर पळाले मी."

हे मात्र मला काही आठवत नाही. मैदानावर हजार माणसं, कोणीतरी ओरडलं असेल. मी कशाला ओरडीन? माझ्या कडेवर तिचं पोर होतं, रडत होतं.

"काय बघितलं ते मी सांगितलं," मी म्हटलं. "पटत नसेल तर पुन्हा त्या मंडपात जाऊन विचार."

जाताना दारात थांबली. "उद्या येते," म्हणाली.

"कशाला?"

"विचारायला."

१० फेब्रुवारी

रोज येते. चार वाजले की खाली ऑटो थांबतो. योगिनीला आता विद्यानगरला जायचं कारण राहिलं नाही, छोटी आजी इथंच येते ना. पोरगी कॉलेजातून येऊन दोघींच्या मध्ये बसते आणि अंगणातल्या सरावाचं विचारते. सुशीला एक सांगते, मी म्हणते तसं नव्हतं. मग भांडण. पोरीला ते भांडणच आवडतं बहुतेक, मोबाइल लावून बसते.

पोरगी आत गेली की सुशीला हळूच विचारते, "अक्का, लागला होता की नव्हता?" कधी शपथ घालते. कधी वेगळंच बोलत बोलत मध्येच विचारते, मला पकडायला. मी सापडत नाही. एकदा सांगून टाकलं तर ती उद्यापासून अंबरपेठेत कशाला येईल?

आज डब्यात धपाटे करून आणले होते, मला लाडीगोडी लावायला. खाऊन बघितले. मीठ कमी होतं. तेवढं मी तिला खरं सांगितलं.